साखरपुड्याची अंगठी: हिरा कसा पारखावा आणि तो टिकेल असं कोंदण कसं करून घ्यावं

नवरात्रातली सहावी रात्र होती. गरब्याहून घरी आले, हात धुवायला नळाखाली धरले आणि बघते तर अंगठीत हिरा नाही. हिरा धरून ठेवणारे धातूचे चार आकडे तेवढे उरले होते. त्यातला एक मोडलेला, दोन बाहेर वाकलेले, आणि मध्ये रिकामं भोक. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही दोघं मैदानावर गेलो. चणिया-चोळीवरून गळलेले आभले, टिकल्या, जरीचे तुकडे असं सगळं मैदानभर चमकत होतं आणि त्यात माझा ४० सेंटचा, म्हणजे ०.४० कॅरेटचा हिरा शोधायचा होता. तासभर वाकून वाकून पाहिलं. नाही मिळाला.

अंगठी घेऊन सोनाराकडे गेले. त्याने भिंग लावून ती फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाला, “हिरा नाही गेला बेन, पकड गेली.” मोडलेल्या आकड्याचा तुकडा आधीच झिजून कागदासारखा पातळ झाला होता. दांडियाचा फटका हे फक्त निमित्त होतं. सहा वर्षांत ती अंगठी मी एकदाही तपासून घेतली नव्हती, आणि घेताना तर त्या चार आकड्यांकडे पाहिलंही नव्हतं. पाहिला होता तो हिरा, त्याचा रंग आणि त्याचं सर्टिफिकेट.

गेल्या वर्षी भाचीचा साखरपुडा ठरला तेव्हा ती म्हणाली, “मावशी, तू चल बरोबर. तुझ्यासारखं माझं नको व्हायला.” मग आम्ही दोन महिने फिरलो. मांडवीजवळची घडियाळी पोळ (पोळ म्हणजे जुन्या वस्तीतली गल्ली), अलकापुरीतल्या शोरूम, एकदा सुरत. त्या फिरण्यात जे समजलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. आपल्या बडोद्यात आणि इतरत्रही सध्या मुलं-मुली अंगठ्या स्वतः निवडतात, पैसेही बऱ्याचदा स्वतःचे असतात. त्यांना हे उपयोगी पडावं.

आधी हात बघा, मग हिरा

दुकानात शिरण्याआधी एक दिवस त्या हाताकडे लक्ष द्या. हात दिवसभर काय करतो? माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटचे खांदे, गुडघे दाबणं, तेल-जेल, दिवसातून वीस वेळा हात धुणं. तिच्या हातात उंच उभा राहणारा हिरा म्हणजे कोणाला तरी ओरखडा नक्की. स्कूटर चालवणाऱ्या मुलीच्या हातात अंगठी हँडलच्या रबरावर सतत घासते. रोज कणीक मळणाऱ्या हाताच्या अंगठीत पीठ जाऊन बसतं. जिममध्ये लोखंडी दांडा धरला की गोल अंगठी हळूहळू लंबगोल होते.

हे सगळं कागदावर लिहा. अंगठी रोज घालायची की सणासमारंभाला, हेही लिहा. पुढचे सगळे निर्णय यावर ठरतात: हिऱ्याचा आकार, कोंदणाची उंची, धातू, सगळंच. सहसा लोक उलट करतात. आधी हिरा पसंत पडतो, मग त्याला शोभेल ती अंगठी, आणि मग त्या अंगठीला सांभाळून हाताने जगायचं.

बोटाचं मापही याच टप्प्यावर घ्या. ज्या बोटात घालायची त्याच बोटाचं, कारण डाव्या-उजव्या हातात फरक असतो. सकाळी बोट बारीक असतं, संध्याकाळी फुगतं. मे महिन्यात आणखी. म्हणून संध्याकाळी, साधारण हवेत, दोन-तीनदा मापून बघा. आपल्याकडच्या मापात १२ नंबर म्हणजे आतला घेर साधारण ५२ मिलिमीटर, १४ नंबर म्हणजे ५४. अंगठी पेरावरून जाताना किंचित अडायला हवी आणि खाली गेल्यावर गोल फिरायला नको. रुंद पट्टीची अंगठी असेल तर अर्धा-एक नंबर मोठा लागतो. गुपचूप अंगठी आणायची असेल, तर तिच्या नेहमीच्या अंगठीत दोरा घालून घेर मोजण्यापेक्षा ती अंगठीच तासभर सराफाकडे नेणं बरं. दोऱ्याने हमखास चूक होते.

पैशांची वाटणी

एकूण रक्कम ठरवा आणि त्यातला धातू-घडणावळीचा भाग आधी बाजूला काढा. हे मी मुद्दाम सांगते, कारण दुकानात सगळी चर्चा हिऱ्याभोवती फिरते आणि शेवटी बजेट ओलांडलं की कात्री लागते ती सोन्याला. “मॅडम, पट्टी जरा बारीक करू, दीड ग्रॅम वाचेल.” वाचतं, पण तेच दीड ग्रॅम पुढे हिरा धरून ठेवणार असतं. कमी करायचंच असेल तर हिरा थोडा लहान घ्या.

हिऱ्यात सर्वांत आधी कट

कॅरेट, रंग, शुद्धता आणि कट या चार गोष्टी सगळे विक्रेते सांगतात. पण चौघींना सारखा मान देऊ नका. हिऱ्याचा जो लखलखाट आपल्याला भुलवतो तो कटमधून येतो. रंग आणि शुद्धता खाणीतून येतात, कट माणसाच्या हातातून.

गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. वरून आत शिरलेला उजेड तळाच्या पैलूंवर आपटतो आणि परत वर येतो. तळ उथळ कापला असेल तर उजेड खालून निसटतो. मग हिऱ्याच्या आत कडेने एक फिकट कडं दिसतं, माशाच्या डोळ्यासारखं. तळ फार खोल असेल तर मध्यभागी काळा डाग पडल्यासारखं वाटतं. दोन्ही दगडांचं वजन सारखं, सर्टिफिकेटवर रंग-शुद्धता सारखी, आणि तरी एक जिवंत आणि दुसरा मेलेला. आम्ही अलकापुरीत असे दोन शेजारी शेजारी ठेवून पाहिले. भाचीने दोन सेकंदांत बोट ठेवलं, कागद न वाचता.

कापणारे वजन वाचवण्यासाठी तळ खोल ठेवतात, कारण विक्री वजनावर होते. म्हणून सर्टिफिकेटवरचं वजन वाचताना मिलिमीटरमधलं मापही वाचा. नीट कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, अर्ध्या कॅरेटचा ५.१ च्या आसपास, ३० सेंटचा ४.३. एक कॅरेट सांगून व्यास ६.२ निघाला, तर उरलेलं वजन पोटात लपलेलं आहे. तुम्ही त्याचे पैसे देणार आणि ते दिसणार मात्र नाही.

गोल हिऱ्यासाठी जीआयए ही संस्था कटची प्रत देते: एक्सलंट, व्हेरी गुड आणि खाली. गोल घेत असाल तर एक्सलंटच घ्या. पॉलिश आणि सिमेट्रीही एक्सलंट किंवा व्हेरी गुड असू द्या. अजून खोलात जायचं असेल तर टेबल, म्हणजे वरचा सपाट पैलू, ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२.५ टक्के, माथ्याचा कोन ३४ ते ३५ अंश आणि तळाचा कोन ४०.६ ते ४१ अंश, या चौकटीतला हिरा क्वचितच निराश करतो. ओव्हल, पेअर, प्रिन्सेस अशा आकारांसाठी एवढं ठोस कोष्टक नाही, तिथे डोळाच वापरावा लागतो. ओव्हल आणि पेअरमध्ये मधोमध काळी फुलपाखरासारखी सावली पडते का ते हात हलवून बघा.

बघायचं कुठे, हेही महत्त्वाचं. शोरूमच्या दिव्यांखाली काचसुद्धा नाचते. हिरा दाराजवळ न्या, उन्हात नाही, सावलीत. मग साध्या ट्यूबलाइटखाली बघा. आपलं निम्मं आयुष्य याच दोन उजेडांत जातं. विक्रेत्याने कुरकुर केली तरी चालेल, पण ही पायरी गाळू नका.

रंग आणि शुद्धता: कुठे थांबायचं

रंगाची श्रेणी ‘डी’पासून सुरू होते, तो पूर्ण रंगहीन; पुढे ‘झेड’पर्यंत पिवळसरपणा वाढत जातो. आपल्याकडे ‘ईएफ-व्हीव्हीएस’ (ई-एफ रंग आणि अगदी सूक्ष्म डागांची शुद्धता) हा शब्द एखाद्या मंत्रासारखा म्हटला जातो. गुंतवणूक, दर्जा, खानदानी वगैरे. अंगठीत बसवल्यावर ‘एफ’ आणि ‘जी’ यांतला फरक तुम्हाला, मला आणि बहुतेक विक्रेत्यांनाही दिसत नाही. प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात ‘जी’ किंवा ‘एच’ उत्तम. पिवळ्या सोन्यात ‘आय’, ‘जे’सुद्धा खुलून दिसतो, कारण धातूचीच पिवळी छाया त्यावर पडते.

शुद्धता दहापट भिंगाखाली ठरवतात आणि अंगठी मात्र कोणी भिंगाने बघत नाही. व्हीव्हीएसच्या खालची व्हीएस२ ही श्रेणी पुरेशी आहे. त्याखालचा एसआय१ सुद्धा चालतो, पण तो दगड स्वतः बघून घ्या: डाग टेबलाच्या मधोमध काळा असेल तर नको, कडेला असेल तर तो आकड्याखाली झाकतासुद्धा येतो. फक्त एक गोष्ट टाळा, कडेपर्यंत पोहोचलेली चीर. बसवताना कारागिराचा दाब तिथेच पडतो. एमराल्ड कटमध्ये मोठे सपाट पैलू असतात, आतलं सगळं खिडकीतून दिसावं तसं दिसतं, तिथे शुद्धता एक पायरी वरची घ्या.

सुरतच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी एक शब्द ऐकला: ‘नो बीजीएम’. म्हणजे तपकिरी नाही, हिरवट नाही, दुधाळ नाही. सर्टिफिकेटवर रंग ‘जी’ आणि शुद्धता व्हीएस असली तरी दगड दुधाळ असू शकतो, आणि दुधाळ हिरा कितीही घासला तरी धुक्यात असल्यासारखा दिसतो. हे थेट विचारा. विचारणाऱ्याशी दुकानदार जरा जपून बोलतो.

वजनाचा मोह

एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे १०० सेंट. भाव प्रति कॅरेट असतो आणि तो ३०, ५०, ७० सेंट आणि एक कॅरेट या टप्प्यांवर एकदम उडी मारतो. त्यामुळे ५० ऐवजी ४७ सेंट, किंवा एक ऐवजी ९३ सेंट बघा. डोळ्यांना फरक कळत नाही, बिलात कळतो.

आपण ज्या गावात राहतो त्या गावच्या गायकवाडांनी ‘स्टार ऑफ द साउथ’ विकत घेतला होता. १८५३ मध्ये ब्राझीलला सापडलेला, पैलू पाडल्यावरही १२८ कॅरेटहून जास्त. लहानपणी आजीकडून त्याच्या गोष्टी ऐकल्या की वाटायचं, हिरा म्हणजे मोठाच. पण तो हिरा रोज भांडी घासणाऱ्या, लॅपटॉपवर टाइप करणाऱ्या हातासाठी नव्हता. ३० ते ५० सेंटचा, सुरेख कापलेला हिरा बारीक बोटावर फार छान दिसतो.

खाणीतला की लॅबमधला

हा प्रश्न आता प्रत्येक घरात निघतो. लॅबमध्ये वाढवलेला हिरा हा हिराच असतो: तेच कार्बन, तीच कठीणता. सीव्हीडी आणि एचपीएचटी अशा दोन पद्धतींनी तो बनतो आणि सुरत हे त्याचं मोठं केंद्र झालं आहे. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला जो साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला, तोही लॅबचाच.

तो नैसर्गिकपेक्षा कित्येक पटींनी स्वस्त आहे आणि त्याचे भाव गेल्या काही वर्षांत सतत उतरत आले आहेत. परत विकायला गेलात तर फार थोडं मिळेल किंवा काहीच नाही. माझं मत स्पष्ट आहे: घालायचा आनंद हवा असेल, बजेट मर्यादित असेल, तर लॅबचा सुंदर कापलेला हिरा घ्या आणि वाचलेले पैसे भक्कम प्लॅटिनमच्या कोंदणात घाला. ‘उद्या मोडता येईल’ हा विचार मनात असेल, तर लॅबचा घेऊ नका. नैसर्गिक हिऱ्यातही घट सोसावी लागते, सोन्यासारखं त्याचं नसतं, हेही लक्षात ठेवा. मोइसानाइट आणि अमेरिकन डायमंड मात्र हिरे नव्हेत. उष्णतेवर चालणाऱ्या साध्या टेस्टरला मोइसानाइट फसवतो आणि लॅबच्या हिऱ्याला तो हिराच म्हणतो, म्हणून पेन लावून ‘टिक’ वाजलं यावर विसंबू नका.

घरात कोणीतरी “हिरा लाभतो का ते आधी बघा” म्हणणारच. आमच्याकडे ताईच्या सासूबाई म्हणाल्या. वाद न घालता आम्ही सराफाला विचारलं. तीन दिवस उशाशी ठेवून परत करायची मुभा त्याने दिली. तुमच्याकडेही असं असेल तर पैसे भरण्याआधीच बोलून घ्या.

सर्टिफिकेट आणि सुरतची वाट

३० सेंटच्या वरचा हिरा सुटा बघा, सुट्या दगडाचं सर्टिफिकेट घ्या, मगच बसवा. बसवलेल्या हिऱ्याची तपासणी अंदाजाची असते, कारण धातू त्याची कड झाकतो आणि त्याचं वजन थेट करता येत नाही. जीआयए आणि आयजीआय यांचे अहवाल इथे सर्रास चालतात. त्यावरचा नंबर संबंधित संस्थेच्या वेबसाइटवर तिथल्या तिथे टाकून बघा. मग दुकानदाराकडून भिंग मागा आणि हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला तोच नंबर वाचा. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. हिरा चिमट्यात आडवा धरून हळूहळू फिरवला की राखाडी, केसाहून बारीक आकडे एकदम समोर येतात. भाचीने ते मोठ्याने वाचले आणि मी कागदावर ताडून पाहिले.

बडोद्यात प्रत्येक घरात सुरतेला कोणीतरी ओळखीचं असतंच. दीड-दोन तासांचा रेल्वेचा प्रवास, महिधरपुऱ्याच्या रस्त्यावर कागदाच्या पुड्या उघडून बसलेले दलाल, “बाजारभावाने देतो.” जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू या शहरात पडतात, तेव्हा ओढ वाटणं साहजिक आहे. पण तो व्यापाऱ्यांचा आपापसातला बाजार आहे. विश्वासावर, जिभेवर चालतो आणि तिथे आपण नवखे असतो. जायचंच असेल तर सर्टिफिकेटवाला दगडच घ्या, नंबर ताडून घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. आणि त्याआधी इथल्या सराफाला एक प्रश्न विचारा: “बाहेरचा हिरा बसवताना फुटला तर जबाबदारी कोणाची?” आम्हाला तीनपैकी दोघांनी सांगितलं, “आमची नाही.” सुरतेला वाचलेले पैसे मग त्या जोखमीपुढे फारसे वाटेनात. आम्ही हिरा इथेच घेतला.

धातू

२२ कॅरेटच्या सोन्याचा आपल्याला जिव्हाळा आहे, पण हिऱ्याच्या अंगठीला ते मऊ पडतं. बांगडी, मंगळसूत्र ठीक. मिलिमीटरभर जाडीच्या आकड्याने वर्षानुवर्षं दगड धरून ठेवायचा तर १८ कॅरेट लागतं. म्हणजे ७५ टक्के सोनं, बाकी तांबं, चांदी वगैरे. १४ कॅरेट, म्हणजे ५८.५ टक्के, त्याहून कणखर आणि स्वस्त. रोज रगडून वापरायच्या अंगठीला ते अजिबात कमी दर्जाचं नाही. घरच्यांना ‘चौदा’ हा आकडा मानवत नाही, हे वेगळं.

पांढरं सोनं मुळात दुधासारखं पांढरं नसतं. त्यावर रोडियमचा मुलामा असतो, तो रोजच्या वापरात वर्ष-दोन वर्षांत उडतो आणि आतला पिवळट-राखाडी रंग वर येतो. पुन्हा मुलामा द्यायच्या आधी अंगठी पॉलिश करतात आणि प्रत्येक पॉलिशला आकड्यांचा थोडा थोडा धातू जातो. माझ्या अंगठीचं असंच झालं. चमक टिकावी म्हणून दर वर्षी पॉलिश करत गेले आणि पकड पातळ होत गेली. शिवाय काही पांढऱ्या सोन्यात निकेल असतं, त्याने कातडीला खाज येऊ शकते. पॅलेडियम घातलेलं असेल तर तो त्रास नाही. विचारून घ्या.

प्लॅटिनम ९५ टक्के शुद्ध असतं, अंगठीच्या आत ९५० असा शिक्का असतो. त्यावर ओरखडे लवकर उठतात, हे खरं आहे आणि पहिल्या महिन्यात वाईट वाटतं. पण सोनं घासलं की त्याचा कण निघून जातो, प्लॅटिनम बऱ्याच अंशी जागच्या जागी सरकतं. म्हणून त्याचे आकडे सावकाश झिजतात. ते जड आहे: सोन्यात चार ग्रॅमची अंगठी प्लॅटिनममध्ये साधारण सव्वापाच ग्रॅमची होते. वितळायला १७०० अंशांच्या वर तापमान लागतं, त्यामुळे माप बदलणं किंवा दुरुस्ती गल्लीतल्या सोनाराकडे होत नाही, आणि घडणावळही जास्त. आम्ही मधला मार्ग घेतला: पट्टी १८ कॅरेट पिवळ्या सोन्याची आणि हिरा धरणारं वरचं घर प्लॅटिनमचं. हे करणारे कारागीर मोजके, पण बडोद्यात आहेत.

कोंदण

आपल्याकडे समज आहे की खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही. असं करून बघू नका. हिरा सर्वांत कठीण आहे म्हणजे त्यावर ओरखडा उठत नाही. पण त्याच्या आत चार दिशांना सरळ दुभंगायच्या पातळ्या असतात आणि नेमका फटका बसला की टवका उडतो. म्हणून कोंदणाची कामं दोन: हिरा पडू न देणं आणि त्याच्या नाजूक कडा झाकणं.

आकड्यांना दुकानात प्रॉंग म्हणतात. चार प्रॉंगमध्ये हिरा जास्त दिसतो, पण एक गेला की हिरा तिरपा होऊन निसटतो. सहा असतील तर एक मोडला तरी बाकीचे धरून ठेवतात. रोजच्या अंगठीत ४० सेंटच्या वर मी चार प्रॉंगला हो म्हणणार नाही. पेअर, मार्कीज, प्रिन्सेस अशा टोकदार आकारांत टोकावर इंग्रजी व्ही अक्षरासारखा प्रॉंग हवाच, नाहीतर पहिला टवका तिथेच उडतो.

ज्यांच्या हाताला खूप काम आहे त्यांच्यासाठी बेझल, म्हणजे हिऱ्याभोवती धातूची पूर्ण कड. आपलं जुनं कोंदण ते हेच. कुठे अडकत नाही, कपड्याचे धागे ओढत नाही, कड झाकलेली. बाजूने उजेड कमी जातो असं म्हणतात, पण हिऱ्याला मुख्य उजेड वरून मिळतो. नीट कापलेला दगड बेझलमध्येही झळकतो. भाचीने हेच निवडलं. पट्टीभर बारीक हिरे बसवलेल्या पाव्हे अंगठ्या सुरेख दिसतात, पण त्यातला एखादा दाणा कधीतरी पडणारच हे गृहीत धरून घ्या, आणि पूर्ण वेढ्याला हिरे असतील तर पुढे माप बदलता येत नाही.

पट्टीची रुंदी निदान दोन मिलिमीटर आणि जाडी दीडपेक्षा जास्त ठेवा. तळहाताकडची बाजू लवकर झिजते, तिथे पातळ केलेली नको. हिऱ्याचं घर जितकं खाली बसेल तितकं बरं, फक्त खालून पाणी आणि ब्रश जाईल एवढी फट हवी.

शक्य असेल तर बसवण्याच्या वेळी कारागिरापाशी बसा. आम्ही बसलो होतो. एका पोळमधल्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर, एकच दिवा, अंगठी लाखेत रुतवलेली. त्याने आधी धातूच्या आतल्या बाजूला बारीक खाच पाडली, हिऱ्याची कड त्या खाचेत टेकवली, भिंगातून पाहिलं, काढला, पुन्हा खाच किंचित रुंद केली, पुन्हा टेकवला. असं पाच वेळा. मी विचारलं, एकदाच मोठी खाच का नाही पाडत? तो म्हणाला, “ज्यादा काटूँगा तो पकड कमज़ोर.” खाच प्रॉंगच्या निम्म्या जाडीच्या आतच राहायला हवी. मग त्याने समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने दाबत आणल्या, जणू स्कूटरच्या चाकाचे नट आवळावेत तशा.

अंगठी ताब्यात घेताना तीन तपासण्या करा. भिंगातून प्रत्येक प्रॉंग हिऱ्यावर सपाट टेकलाय का, मध्ये केसभरही फट आहे का, ते बघा. लोकरीचा धागा किंवा जुना नायलॉनचा मोजा वरून फिरवा. अडकला तर प्रॉंग वर आलेला आहे. आणि अंगठी कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा. हिरा सैल असेल तर बारीक खुळखुळ ऐकू येते.

बिल

बिलावर एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन, हिऱ्याचं वजन-रंग-शुद्धता, सर्टिफिकेट नंबर, घडणावळ आणि जीएसटी हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. हिशेब घरी करून बघा. अंगठी ४.३५० ग्रॅम, हिरा ५० सेंट म्हणजे ०.१०० ग्रॅम, तर सोनं ४.२५० ग्रॅमचंच लागायला हवं. १८ कॅरेटचा दर हा २४ कॅरेटच्या दराच्या ७५ टक्के. एका पेढीत आम्हाला २२ चा दर लावला होता. दाखवून दिल्यावर ‘कॉम्प्युटरची चूक’ झाली. घडणावळीला इथे घडामण म्हणतात; ती टक्क्यांत असेल तर सोन्याचा भाव चढला की तीही चढते, म्हणून ग्रॅममागे किंवा ठोक ठरवून घेता येते का ते विचारा.

सोन्याच्या दोन ग्रॅमवरच्या दागिन्याला हॉलमार्क लागतो: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. मापात बदल, पहिल्या वर्षाची तपासणी, परत घेण्याच्या अटी यातलं काहीही तोंडी नको, बिलामागे शिक्क्यानिशी लिहून घ्या.

घरी आल्यावर

हिऱ्याला तेलकटपणा चटकन चिकटतो. हात लावला, क्रीम लावलं, पोळीला तूप लावलं की त्यावर पातळ थर बसतो आणि महागडा हिरा काचेसारखा दिसतो. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, त्यात दहा मिनिटं, मग लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने खालच्या बाजूने. बेसिनमध्ये नाही, वाटीत. नळाखाली धुताना बेसिनची जाळी बंद ठेवा. ब्लीच आणि स्विमिंग पूलचं क्लोरीन यापासून लांब, विशेषतः पांढरं सोनं.

दर सहा महिन्यांनी सराफाकडे भिंगाखाली पकड तपासून घ्या. आम्ही दोन तारखा ठरवल्या आहेत, अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात एकदा आणि घटस्थापनेच्या आधी एकदा. तपासून आली की नवरात्रभर भाचीची अंगठी देवघरातल्या पितळी डबीत असते. दसऱ्याला सोनं वाटून झालं की ती पुन्हा बोटात घालते.